करडईत लावलेला कॅमेरा

परवा एका बारशासाठी लातूरहून शिरूर अनंतपाळला निघाले होते. एसटीच्या खिडकीतून ज्वारीच्या एका रानाच्या कडेला पिवळी रेघ ओढल्यासारखी दिसली. शेजारच्या बाईला मी म्हणाले, "करडई फुलली की." ती म्हणाली, "हाव," आणि परत मोबाईलमध्ये गेली. तिचं बरोबरच होतं. करडई फुलली ही काही बातमी नव्हे. एके काळी आमच्याकडं करडई न दिसणारा रस्ता शोधावा लागला असता. आता सोयाबीन आणि हरभऱ्यानं तिला बांधापर्यंत ढकलत नेलंय. पण जिथं आहे तिथं ती आपल्या जुन्या खोडीसकट आहे. लांबून हळदीला निघाल्यासारखी पिवळीधमक, आणि जवळ जाऊन फुलाला हात घातला की बोटातून रक्त. ऊन चढलं की तिचे काटे आणखी कडक होतात, म्हणून काढणी पहाटेच्या दवात करायची, तीही हातापायांना फडकी गुंडाळून.

माझ्या आयुष्यात करडईचे हंगाम दोनच. बाकीचे आले आणि तेल देऊन गेले. पहिला मी अठरा वर्षांची होते तेव्हाचा. दुसरा गेल्या वर्षीचा, माझ्या नातीनं, ऋतुजानं, कॉलेजसाठी पाच मिनिटांचा सिनेमा केला तेव्हाचा. मी पन्नास वर्षं रंगवून सांगत आलेली एक गोष्ट त्या पाच मिनिटांपायी खोटी ठरली. ती खोटी आहे हे मला ठाऊक होतंच. माझी मैत्रीण खैरुन्निसा हिलाही ठाऊक होतं. बाकी कुणाला नव्हतं, आणि माझी पन्नास वर्षं सुखात गेली.

गोष्ट अशी. मी लोह्याची, खैरू देगलूरची. नांदेडला डी.एड.ला आम्ही एका खोलीत राहायचो. सराव पाठ घ्यायला आम्हाला आसपासच्या खेड्यांतल्या शाळांवर पाठवत. एसटी फाट्यावर सोडायची, पुढं दीड कोस पाय. माघाची सकाळ, दोन्ही बाजूंना ज्वारी, अंगावर सक्तीची पाचवारी आणि हातात गुंडाळलेला नद्यांचा नकाशा. गावानं देवाच्या नावानं सोडलेला वळू अचानक समोर आला. खैरू पळाली. मी उभी राहिले, नकाशा उगारला, आणि वळू मुकाट्यानं परत फिरला.

सांगायला अर्धं मिनिट पुरतं. मी अर्धा तास घ्यायची. लातूरच्या शाळेत नोकरी केली त्या सगळ्या वर्षांत प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या आठवड्यात ही गोष्ट मिळायची. लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात, कुणी विचारो न विचारो, मी वळू सोडायचीच. आमच्या घरात तर तिची म्हणच झाली. कुणी अभ्यास टाळला, कुणी सुईला भ्यायलं, की पोरं एकमेकांना म्हणायची, "खैरू करू नको." ज्या पोरांनी खैरूला कधी पाहिलंही नव्हतं ती तिच्या नावाचा असा उपयोग करायची. मी ऐकायची आणि पोळ्या लाटायची.

आता त्या अठरा वर्षांच्या सुमनबद्दल दोन शब्द बोलायला हरकत नाही, ती काही उलट उत्तर द्यायला येणार नाही. दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी, आणि आपण नांदेड जिल्ह्यातल्या सर्वांत हुशार मुलगी आहोत असा ठाम समज. हा समज कशावर आधारलेला होता ते मला आजतागायत कळलेलं नाही. पाठाची टाचणं ती खैरूची बघून लिहायची. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायची. पाल दिसली की खोली बदलायची. वळू दिसल्यावर तिनं काय केलं असेल हे खरं तर तिला ओळखणाऱ्या कुणालाही न सांगता कळायला हवं होतं.

तिनं हातातला नकाशा खैरूच्या हातात कोंबला आणि वाटेकडेच्या करडईत उडी मारली.

खोटं मी बोलले असंही म्हणता येत नाही. खोटं माझ्या अंगावर आयतं चढलं. शाळेच्या दारात हेडमास्तर उभे होते. त्यांच्यासमोर दोन मुली आल्या. एकीची साडी तीन ठिकाणी फाटलेली, हातापायांवर रक्ताच्या रेघा, वेण्यांत पिवळ्या पाकळ्या. दुसरीच्या निऱ्याही जागच्या जागी, नकाशा छातीशी. कापत कापत मी एवढंच म्हणाले, "वळू." हेडमास्तरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा खैरूकडं, आणि निकाल देऊन टाकला. मला म्हणाले, "शाब्बास." खैरूला म्हणाले, "तू पळालीस वाटतं." खैरूनं माझ्याकडं पाहिलं. मी पायाला लागलेले काटे बघत होते. संध्याकाळपर्यंत ती बातमी नांदेडच्या वसतिगृहात आमच्या आधी पोचली. वसतिगृहाच्या बाईंनी मला हळदीचं दूध दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खैरूनं मला व्हरांड्यातल्या उन्हात बसवलं आणि सुईनं माझ्या पोटऱ्यांतले काटे काढले. काढताना ती काही बोलली नाही. मीही नाही. पुढं बोलण्यासारखं असं काही राहिलंच नाही, कारण आठवडाभरानं मीच ती गोष्ट सांगायला लागले होते.

गेल्या वर्षी पौषात ऋतू एक वही घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली. वहीभर चौकोन काढलेले, चौकोनांत काड्यांची माणसं.

"आजी, तुझी वळूची गोष्ट मी करायलेय."

"काय करायलीस?"

"शॉर्ट फिल्म. संवाद नाहीत. आठ प्रकारचे शॉट पाहिजेत, आणि प्रत्येक शॉट कुणाच्या नजरेतून आहे आणि का आहे, ते सरांना लिहून द्यायचंय."

मग तिनं मला शॉट शिकवले. सगळा परिसर दिसतो तो लाँग शॉट. माणूस कमरेपर्यंत दिसतो तो मिड शॉट, चेहराच दिसतो तो क्लोजअप. एकाच्या खांद्यावरून दुसरा दिसतो तो ओव्हर द शोल्डर. खालून, वरून, चालता चालता. आणि पात्राच्या डोळ्यांना जे दिसतं तेच कॅमेऱ्यानं दाखवायचं, तो पीओव्ही. मी तीस वर्षं मास्तरीण होते, मला विद्यार्थिनी व्हायची सवय नाही. पण पोरगी चांगलं शिकवत होती. मी म्हणाले, "वळूचाही घे पीओव्ही." ती म्हणाली, "घेणारच आहे," आणि वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, आपण फार उपयोगी पडतोय.

वहीच्या शेवटच्या पानावर दोन फॉर्म चिकटवलेले होते. गोष्ट जिवंत माणसांची असेल तर त्यांनी सिनेमा बघून त्यावर सही द्यायची, असा त्यांच्या कॉलेजचा नियम. एक फॉर्म माझा. दुसऱ्यावर ऋतूनं नाव आधीच लिहून ठेवलं होतं, खैरुन्निसा, देगलूर.

ते नाव मी दोनदा वाचलं. खैरूच्या माघारी तिला पळवणं वेगळं. तिच्या तोंडावरही मी तिला पळवलं होतं, तिच्या लेकीच्या, शबानाच्या लग्नात, भर मांडवात. पण तेव्हा ते नुसतं बोलणं होतं, बिर्याणीच्या वासात विरून गेलं. आता तिला तिच्याच घरात बसवून, तिला पळताना दाखवून, त्याखाली तिची सही मागायची होती. आणि खैरू कशी आहे हे मला माहीत होतं. मागितली तर ती दिलीही असती.

मी ऋतूला म्हणाले, "दुसरी गोष्ट घे की. विहिरीची घे."

"विहिरीत वळू नाही," ती म्हणाली.

करडईचं रान शोधायला आठ दिवस गेले. शेवटी शिरूर अनंतपाळजवळ सुभद्राबाईंचं शेत मिळालं. आत ज्वारी आणि चारी बाजूंनी करडईचे पट्टे. ज्वारीत पाखरं राखायला उभारलेलं मचाण, आणि भोरड्यांचे थवे दर पाच मिनिटांनी उठून परत बसायचे. सुभद्राबाई माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान असतील, पण रानात त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरुण होत्या. त्यांनी आम्हाला बघितलं. दोन पोरी साड्यांत, ऋतू जीन्समध्ये, तीन काड्यांवर मोबाईल, एक पांढरं थर्माकोल, आणि मी. त्या म्हणाल्या, "वराड हाय का शूटिंग हाय?"

माझं काम दीक्षाला दिलं होतं. दीक्षा ऋतूच्या वर्गातली, चांगली उंचीची, जिमला जाणारी. मी ऋतूला बाजूला घेऊन सांगितलं, "मी एवढी उंच नव्हते गं."

"आजी, तू गोष्ट सांगतेस तेव्हा उंचच असतेस," ती म्हणाली.

खैरू झाली अश्विनी, बारीकशी, शांत मुलगी. आणि वळू म्हणून सुभद्राबाईंचा देवणी बैल होता. इतका गरीब की त्याच्या अंगावर कावळे सभा भरवायचे. तो कॅमेऱ्याकडं बघायलाच तयार नव्हता. कडब्याची पेंढी दाखवून त्याला दोन पावलं पुढं आणायचं, की तो पेंढी खाऊन चार पावलं मागं. ऋतू वाटेत पालथी झोपली आणि तिनं खालून त्याचा शॉट घेतला. मोबाईलवर तो मला दाखवला तेव्हा मी हादरलेच. तोच बैल, तीच जीभ नाकपुडीत घालायची सवय, पण खालून बघितल्यावर साक्षात यमाचं वाहन. माणसं मोठी दिसतात ती आपण कुठं पडलोय त्यावरून, हे मला त्या दिवशी कळलं. आमचे हेडमास्तरही आम्ही जन्मभर खालूनच बघितले.

लाँग शॉट त्याआधीच झाला होता. दोघी पोरी लांबून चालत येतायत, मधे वाट, वर नुसतं आभाळ. पडद्यावर त्या दोन मुंग्यांएवढ्या दिसत होत्या. मी म्हणाले, "एवढ्या लहान?" ऋतू म्हणाली, "लांबून सगळेच लहान दिसतात." मला ते रुचलं नाही. पन्नास वर्षं मी ही गोष्ट क्लोजअपमध्येच सांगत आले होते. माझे डोळे, माझी मूठ, माझा नकाशा. त्यात रस्ता नव्हता, शेत नव्हतं, आणि खैरूसुद्धा नव्हती. तिची फक्त पळायची सोय केलेली होती.

चालत्या शॉटसाठी ऋतू स्कूटीवर उलट्या तोंडानं बसली आणि सुभद्राबाईंच्या सुनेनं स्कूटी हळूहळू हाकली. मागून दोघी पोरी साड्या सावरत. दोनदा ऋतू पडली. तिसऱ्यांदा शॉट मिळाला आणि भोरड्यांचा एक थवा आपण होऊन त्यात आला. ऋतू इतकी खूश झाली की तिनं मला मिठी मारली. मी म्हणाले, "मी काय केलं?" ती म्हणाली, "तू गोष्ट दिलीस ना." तिथं मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, "दिली खरी."

मग तिला वरून शॉट घ्यायचा होता. ती मचाणावर चढली. वरून तिला सगळं नकाशासारखं दिसत होतं, मधली गाडीवाट, दोन्ही कडांना करडई, आत ज्वारी. ती वरून ओरडून विचारायला लागली, कोण कुठं उभं होतं. मी खालून हात करून सांगत होते. माझ्या शेजारी सुभद्राबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या.

"वळू कुठून यायलाय म्हणता?" त्यांनी विचारलं.

आता, माझ्या गोष्टीच्या सुरुवातीच्या वर्षांत वळू वाटेनंच यायचा. पुढं पुढं मला तो पिवळ्या फुलांतून उसळून येताना जास्त शोभायला लागला. शहरातली पोरं तोंडाचा आ करून ऐकायची. खेड्यातल्या शाळेत नोकरी मिळाली असती तर पहिल्याच वर्षी मी पकडले गेले असते.

"तिकडून," मी म्हणाले. "करडईतून."

"करडईतून?"

"हो."

"मास्तरीणबाई, जनावर करडईत पाय घालतंय व्हय? त्यासाठीच तर कडंनं लावलीय ती. न्हाईतर मला काय काट्याची हौस हाय?"

हे मी स्वतः शाळेत शिकवलेलं होतं. ढोरं रानात शिरू नयेत म्हणून कडेनं करडईच्या ओळी पेरतात. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न असायचा.

मचाणावरून ऋतूचा आवाज आला, "मग करडईत कोण शिरतं, मावशी?"

"ज्याला पळायला दुसरी वाट न्हाई ते," सुभद्राबाई म्हणाल्या.

मी म्हणाले, "आमचा वळू वेगळा होता."

"असंल, तसा बी असंल," त्या म्हणाल्या. पाहुण्यांना आपल्या रानात खोटं पाडू नये, एवढी रीत त्यांच्याकडं होती.

ऋतू खाली उतरली. बारा वाजून गेले होते. बारा ते तीन उभ्या उन्हात शूटिंग करायचं नाही असं तिच्या सरांनी सांगितलेलं, म्हणून आम्ही चिंचेखाली जेवायला बसलो. सुभद्राबाईंनी ज्वारीच्या भाकरी, लसणाची चटणी आणि चटणीवर घरच्या करडईचं कच्चं तेल दिलं. पोरींनी बोटं चाटून खाल्लं. मी भाकरीचे नुसते तुकडे करत होते. ऋतू वहीत तिच्या चौकोनांकडं बघत बसली होती. एक चौकोन रिकामा होता.

"आजी," तिनं वर न बघता विचारलं, "वळू जवळ आला तेव्हा तुला काय दिसलं?"

पन्नास वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे, तू काय केलंस. त्याचं उत्तर माझ्याकडं तयार असायचं, दर वर्षी नवा रंग दिलेलं. काय दिसलं, याचं तयार उत्तर नव्हतं. फक्त खरं होतं.

"खैरूची पाठ," मी म्हणाले.

"पळताना?"

"उभी असताना."

दीक्षा आणि अश्विनी जेवायच्या थांबल्या. मी मग राहिलेलंही सांगून टाकलं. खैरूच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिचा पाय चपलेच्या बाहेर मातीवर होता. नकाशा तिनं तान्हं मूल धरतात तसा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. वळू तिच्यापासून दोन हातांवर आला, त्यानं मान खाली घातली, नकाशाचा वास घेतला, फुरफुरला आणि वाटेनं निघून गेला. खैरूनं काहीही उगारलं नाही. ती नुसती उभी होती. आणि मला हे सगळं पिवळ्या बोंडांच्या फटीतून दिसत होतं.

ऋतूनं वही मिटली. मग म्हणाली, "आणि आम्ही लहानपणापासून 'खैरू करू नको' म्हणतोय."

"हो."

"तू ऐकायचीस."

"हो."

ती उठली, पाण्यानं चूळ भरली आणि म्हणाली, "दीक्षा, तू पळायचंस. अश्विनी, तू उभी राहायचंस. सगळं परत करावं लागंल."

दीक्षा माझ्याकडं बघून म्हणाली, "आजी, मी रोज जिमला जाते. मला पळपुटी कशाला केलंत?"

"माझ्याकडं बघून तुला घेतलंच कशाला, हे मी सकाळपासून विचारतेय," मी म्हणाले.

तीन वाजता ऊन कलल्यावर मी सुभद्राबाईंकडून फडकी मागून घेतली, हातापायांना गुंडाळली आणि करडईत शिरले. सुभद्राबाई म्हणाल्या, "ह्या वयात?" मी म्हणाले, "त्या वयात फडकी नव्हती." वाटेपासून चार पावलं आत जाऊन मी बसून दाखवलं. बसताना गुडघे वाजले. करडई डोक्याच्या वर गेली. मधमाश्यांचा आवाज, तापलेल्या पानांचा कडवट वास. अश्विनी वाटेवर नकाशा घेऊन उभी होती आणि बोंडांच्या मधून तिची पाठ दिसत होती. मी ऋतूला म्हणाले, "इथं लाव कॅमेरा. माझ्या डोळ्यापाशी."

ती वाकून आत आली. तिच्या हाताला काटे लागले, तरी ती पुढं सरकली. मोबाईल तिनं माझ्या गालाशेजारी धरला. पडद्यावर आधी नुसती पिवळी धूसर फुलं होती. मग फुलांच्या पलीकडं हळूहळू ती पाठ स्पष्ट झाली, तो पदर, तो नकाशा, आणि तिच्यापुढं कडब्याच्या पेंढीसाठी येणारा तो गरीब बैल, जो तिथून बघताना अजिबात गरीब वाटत नव्हता. शॉट वीस सेकंदांचा होता.

संध्याकाळी परतताना ऋतूनं वहीतला रिकामा चौकोन भरला. खाली लिहिलं, पीओव्ही. कुणाच्या नजरेतून, त्यापुढं लिहिलं, आजी, वय अठरा. का, त्यापुढची जागा तिनं कोरी ठेवली. मी माझ्या फॉर्मवर सिनेमा पुरा व्हायच्या आधीच, गाडीतच सही केली.

शुक्रवारी सिनेमा द्यायचा होता. बुधवारी आम्ही उदगीरवरून देगलूरला गेलो. तीन तासांच्या प्रवासात ऋतूनं मला एकदाच विचारलं, "सिनेमात काय आहे ते खैरूनानींना फोनवर सांगितलंस का आधी?" मी नाही म्हणाले. फोनवर सांगणं म्हणजे पुन्हा लांबूनच सांगणं, असं काहीतरी मला वाटत होतं. खरं कारण, धाडस नव्हतं.

खैरूच्या मुलाचं बांगड्यांचं दुकान, मागं घर. ती तख्तावर पाय पसरून बसली होती. गुडघे तिचेही गेलेत. देगलूरच्या शाळेतून ती निवृत्त झाली त्यालाही बरीच वर्षं झाली, पण माणूस समोर आला की हजेरी घेतल्यासारखं बघायची सवय अजून आहे.

"आलीस का गं सुमे. सिनेमात काम करायलीस म्हणे."

"काम दुसरीच करतेय. मी नुसती करडईत बसले."

तिनं चष्मा लावला. ऋतूनं लॅपटॉप तख्तावर ठेवला. पाच मिनिटं घरात बांगड्यांच्या खोक्यांचा आवाज सोडून काही नव्हतं. मी सिनेमा बघत नव्हते, खैरूचा चेहरा बघत होते. दोन मुली लांबून आल्या, वळू आला, एकीनं नकाशा दुसरीच्या हातात कोंबला. तिथं खैरूनं चष्मा नाकावर नीट केला. मग ती फुलांमागची पाठ आली. खैरू पुढं झुकली.

"ही मी?"

"हो."

"आणि बघणारी?"

"मी."

शेवटी शाळेचं दार आलं, फाटलेली साडी, दोघी शेजारी शेजारी उभ्या, एक पायाकडं बघणारी. सिनेमा संपला. खैरूनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"पन्नास वर्षं लागली व्हय तुला करडईतून बाहेर यायला," ती म्हणाली.

ऋतूनं मान खाली घातली. मी म्हणाले, "तू का नाही बोललीस?"

"तेव्हा?" खैरू हसली. "अब्बांना कळलं असतं की पोरगी सांडासमोर उभी राहिली, तर दुसऱ्या दिवशी नांदेडला येऊन मला घेऊन गेले असते. म्हणाले असते, ही कुणाला भीत नाही, हिला बाहेर कशाला ठेवायची. पळाली म्हणून ऐकलं तर म्हणाले, अच्छा हुआ, पोरगी संभाळून राहते. डी.एड. पूर्ण झालं माझं."

मला हायसं वाटलं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

"लगेच खूश होऊ नक्को," ती म्हणाली. "ती दोन वर्षं माझ्या कामाची होती. पुढची सगळी तुझ्या. शबानाच्या लग्नात माझ्या व्याह्यांसमोर सांगितलीस. मी तुलाच वाढत होते तेव्हा. हात थांबला होता माझा. तू बोलण्यात होतीस, तुला दिसलं न्हाई."

मला खरंच दिसलं नव्हतं. बोलण्यासारखं जे होतं ते इतकं उशिराचं होतं की त्याला चेहराच राहिला नव्हता.

ऋतूनं फॉर्म पुढं केला. "नानी, नको वाटत असेल तर मी नाही देणार हा. दुसरं काहीतरी करीन."

"दे इकडं," खैरू म्हणाली. तिनं पेन घेतलं, टोपण काढलं आणि थांबली. सुनेला हाक मारून तिनं ऋतूला आत पाठवलं, चहाला मदत कर म्हणून. खोलीत आम्ही दोघीच उरलो.

"एक विचारायचं राहिलं," ती म्हणाली. "तू उडी मारलीस तेव्हा मला हाक मारली होतीस का? पळ म्हणून? माझं सगळं ध्यान सांडाकडं. मला काही ऐकू आलं न्हाई. मी आपलं धरून चालले, की मारली असशील."

सिनेमा मुका होता. हाक त्यात दिसणार नव्हती आणि नसलेलीही दिसणार नव्हती. त्या वाटेवर आम्ही दोघीच होतो, आणि तिला ऐकू आलं नव्हतं. हो म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं. मलाही.

"नाही मारली," मी म्हणाले.

खैरूनं मान हलवली, फॉर्म गुडघ्यावर घेतला, सही केली, खाली तारीख घातली आणि पेनाला टोपण लावलं.

"आज राहा," ती म्हणाली. "उद्या जा."